सयाजीरावांची पाहुणी

इंग्लंडमध्ये फिरणारे बरेच लोक हॉटेलात न उतरता कोणाच्या तरी घरातली खोली रात्रीपुरती भाड्याने घेतात. झोपायला पलंग आणि सकाळी न्याहारी. या सोयीला तिकडे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. प्राचीन इजिप्तमधल्या थडग्यांविषयी वाचताना मला नेहमी या सोयीची आठवण होते. इजिप्तची माणसे थडग्याला चिरंतनाचे घर म्हणत आणि मृताच्या पुढच्या मुक्कामाची तयारी तिथे करून ठेवीत. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात पलंग होते, मांस भरलेल्या लाकडी पेट्या होत्या, मद्याचे रांजण होते. मुक्काम अनंत काळाचा, तेव्हा शिधाही भरपूर हवा.

परंतु अनंत काळाचे हे बिऱ्हाड सर्वांनाच लाभले नाही. एकोणिसाव्या शतकात ममींची सर्रास खरेदी-विक्री होऊ लागली आणि त्या आपल्या घरातून उठून जगभर गेल्या. त्यांतली एक, एका तरुण स्त्रीची ममी, बडोद्याला आली. बँकेच्या नोकरीत माझी बदली बडोद्याला झाली तेव्हा पहिल्याच रविवारी मी ती कमाटी बागेतल्या संग्रहालयात पाहिली. १८९५ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी ती न्यूयॉर्कहून १७५ डॉलरना विकत घेतली होती. त्या आठवड्यात मी स्वतः खोली शोधत हिंडत होतो. एका घरमालकाने भाड्याचे बोलण्याआधी माझे आडनाव विचारले, मग गाव, मग घरात काय खाता ते विचारले. त्यामुळे काचेच्या पेटीत निवांत पडलेल्या त्या परदेशी पाहुणीचा मला थोडा हेवाच वाटला.

तिला आसरा देणारे सयाजीराव स्वतःही मुळात पाहुणेच होते. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाणा गावी ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळराव. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गोपाळची निवड झाली. ज्याला अक्षरओळखही नव्हती असा बारा वर्षांचा पोरगा एका परक्या घरात येऊन गादीवर बसला. इलियट या इंग्रज शिक्षकाने त्याला घडवले, दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले, आणि १८८१ च्या अखेरीस त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले.

पुढचा कारभार आपल्या लोकांना बराचसा ठाऊक आहे. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून त्यांनी गावोगावी ग्रंथालये काढली. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. अधिकार हाती आल्यावर लगोलग त्यांनी अस्पृश्यांसाठी शाळा उघडल्या, तेव्हा तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमून त्यांनी काम चालू ठेवले. महाराजांच्या हुकमाने शाळेची इमारत उभी राहत होती, पण तिच्यात पाय ठेवायला माणूस तयार होत नव्हता. हा अनुभव त्यांना तेव्हाच आला होता.

१८८७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते पहिल्यांदा युरोपला गेले, आणि पुढे प्रवास हा त्यांच्या आयुष्याचा भागच झाला. परदेशात जे चांगले दिसेल ते बडोद्याला आणावे, ही त्यांची वृत्ती होती. संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी ती ममी खरेदी झाली. शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या रयतेला नाईलकाठचे जग घरबसल्या दाखवले, यामागची तळमळ खरी होती.

त्याच तळमळीने १९१३ मध्ये त्यांनी एका तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, असा करार होता. ते तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरमध्ये ते बडोद्याला रुजू झाले. त्यांना स्टेशनवर घ्यायला जावे अशी महाराजांची आज्ञा होती, असे चरित्रकार सांगतात. गेले मात्र कोणीच नाही. त्यांची नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत झाली. तिथे शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून टाकीत. आयुष्यभर फायलींत बसलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना अजून अंगावर काटा येतो.

राहायला जागा कोणी देईना. अखेर पारशी असल्याचे सांगून ते एका पारशी विश्रामगृहात दीड रुपया रोजाने उतरले. सोबतीला कोणी नाही, शेजारच्या दिवाणखान्यात अडगळ, उजेडाला एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा माणसे काठ्या घेऊन दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचा हुकूम सुटला. एका हिंदू स्नेह्याकडे विचारले, तर त्याने नोकर काम सोडून जातील ही अडचण सांगितली. ख्रिस्ती स्नेह्याकडेही थारा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास आंबेडकरांनी कमाटी बागेत काढले.

त्याच बागेच्या आवारात ते संग्रहालय आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मरण पावलेल्या, जिचे कूळ आणि जात कोणी विचारली नाही अशा परदेशी स्त्रीसाठी तिथे दालन होते. महाराजांच्याच खर्चाने कोलंबियात शिकून आलेल्या जिवंत माणसाला त्याच शहरात खोली मिळत नव्हती.

यात सयाजीरावांचा दोष किती? मी स्वतः त्यांना पुरते माफ करू शकत नाही आणि दोषीही ठरवू शकत नाही. संस्थानचा एखादा बंगला आंबेडकरांना सहज देता आला असता. तशी मागणी झालीही होती, पण ती दप्तरात फिरत राहिली. हुकूम आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये कारकून असतो, शिपाई असतो, घरमालक असतो, आणि ते सगळे आपणच असतो. महाराजांना ही सल असावी, असे मला वाटते. मार्च १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले आणि आपल्या राज्यातले काम पुढेही सोडले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीला त्रेसष्ट वर्षे उलटली होती.

आज बडोद्यात आंबेडकर ज्या झाडाखाली बसले ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. लोक तिथे जातात, नमस्कार करतात. ममी पाहायलाही जातात.

आता निवृत्तीनंतर मी कुपवाडला असतो. औद्योगिक वसाहतीमुळे इथे परप्रांतांतून आणि मराठवाड्यातून पोरे कामाला येतात आणि गल्लीबोळांतून खोली शोधत फिरतात. परवा एक जण आमच्या फाटकाशी आला. वरची खोली रिकामीच आहे. मी भाडे सांगितले, पाण्याची वेळ सांगितली, आणि मग सवयीने त्याचे आडनाव विचारले. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मीही ओशाळलो, आणि उत्तराची वाट न पाहता किल्ली आणायला आत गेलो.