टुल्लिओ काम्पान्योलो

टुल्लिओ काम्पान्योलो (जन्म : २६ ऑगस्ट १९०१, व्हिचेन्झा, मृत्यू : फेब्रुवारी १९८३) हे इटालियन सायकलपटू, संशोधक आणि उद्योजक होते. शर्यतीच्या सायकलीचे चाक हत्याराविना काढता-बसवता येणारी क्विक रिलीज यंत्रणा, केबलने चालणारा ग्रान स्पोर्ट हा डिरेलर आणि रेकॉर्ड मालिकेतील सुटे भाग यांसाठी ते ओळखले जातात. आज त्यांचे नाव सायकलीच्या हलक्या भागांशी जोडले जाते. मात्र वजन घटवण्याच्या स्पर्धेत ते बहुधा इतरांच्या मागे असत. एखादा भाग भरवशाचा ठरल्याशिवाय तो हलका करायचा नाही, अशी त्यांची कार्यपद्धती त्यांच्या उत्पादनांच्या क्रमावरून दिसते.

प्रारंभीचे जीवन

काम्पान्योलो यांच्या वडिलांचे व्हिचेन्झा येथे लोखंडी सामान व अवजारांचे दुकान होते. यंत्रकामाची ओळख त्यांना तेथेच झाली. १९२० च्या दशकात ते हौशी सायकलपटू म्हणून शर्यतींत भाग घेत. त्या काळी शर्यतीच्या सायकलीला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रे असत. चढ लागला की स्वार खाली उतरे, चाकाचे नट सैल करी, चाक काढून उलटे बसवी आणि पुन्हा निघे. त्यासाठी हाताने फिरवता येणारे पंखाच्या आकाराचे नट वापरले जात.

डोलोमाइट पर्वतरांगेतील क्रोचे दाउने खिंडीत, नोव्हेंबरमधील एका शर्यतीत, बर्फामुळे असे नट घट्ट धरले आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी काम्पान्योलो यांना ते सोडवता आले नाहीत, अशी कथा सांगितली जाते. काही वृत्तांतांत या घटनेचे वर्ष १९२४, तर काहींत १९२७ दिले आहे. पुढील काळातील सायकल-इतिहासकारांनी या कथेच्या तपशिलांविषयी शंका घेतली आहे. तथापि कंपनीच्या इतिहासाचा आरंभ आजही याच कथेपासून केला जातो. अडचण मात्र खरी होती आणि त्या काळच्या प्रत्येक स्वाराला ती परिचित होती.

क्विक रिलीज

काम्पान्योलो यांनी चाकाचा भरीव आस पोकळ केला आणि त्यातून एक बारीक दांडी आरपार नेली. दांडीच्या एका टोकाला नट आणि दुसऱ्या टोकाला लहान हँडल असते. हँडलच्या मुळाशी विकेंद्री चकती असून हँडल मिटताच ती दांडी खेचून धरते व चाक फ्रेमच्या खाचेत आवळले जाते. पकडीचा जोर किती असावा हे समोरच्या नटाने आधी ठरवायचे असते. हँडल अर्ध्या वाटेवर आल्यावर विरोध जाणवू लागावा आणि पूर्ण मिटताना तळहातावर चांगला दाब यावा, अशी जुळणी योग्य मानली जाते. हँडलच पंखनटाप्रमाणे गरगर फिरवून आवळण्याची चूक नवखे स्वार आजही करतात. तसे केल्यास विकेंद्री चकतीचा उपयोगच होत नाही आणि चाक सुटण्याचा धोका राहतो.

या यंत्रणेच्या उत्पादनासाठी त्यांनी १९३३ मध्ये व्हिचेन्झा येथे कंपनी स्थापन केली. वडिलांच्या दुकानामागील खोली हीच पहिली कार्यशाळा होती. आरंभीचे भाग हातानेच घडवले जात आणि पूर्णवेळ कामगार १९४० पर्यंत नव्हता.

गिअरची रचना

तूर द फ्रान्स या शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलर वापरण्यास बंदी होती. ती उठल्यावर यंत्ररचनाकारांमध्ये चुरस सुरू झाली. काम्पान्योलो यांच्या कांबिओ कोर्सा या गिअरला मागच्या बाजूस दोन लांब दांडे असत. एका दांड्याने चालत्या सायकलीवर मागचे चाक सैल करायचे, पायडल उलटे फिरवत दुसऱ्या दांड्याने चेन शेजारच्या चक्रावर न्यायची आणि पहिला दांडा पुन्हा आवळायचा. चेनचा ताण राखण्यासाठी चाक फ्रेमच्या दातेरी खाचेत पुढे-मागे सरकत असे. आज ही कसरत अविश्वसनीय वाटते. परंतु या गिअरला ताणपुली किंवा स्प्रिंग नसल्यामुळे तो वजनाने कमी होता आणि चेनचे घर्षणही वाढत नसे. १९४८ मध्ये जिनो बार्ताली यांनी तूर द फ्रान्स याच गिअरवर जिंकली. १९५० मध्ये फाउस्तो कोप्पी यांनी पॅरिस-रूबे शर्यत जिंकली तेव्हा त्यांच्या सायकलीला याच तत्त्वावरील एका दांड्याचा सुधारित गिअर होता.

त्यानंतर काम्पान्योलो यांनी ही दिशा सोडून दिली. ग्रान स्पोर्ट या नव्या डिरेलरमध्ये समांतरभुज चौकटीसारखी चार सांध्यांची रचना होती. केबल ओढली की चौकट तिरकी होऊन चेन बाजूला ढकलली जाई. त्याचा नमुना १९४९ मध्ये दाखवण्यात आला आणि लवकरच तो बाजारात आला. आजचे बहुतेक डिरेलर याच मूळ कल्पनेवर चालतात.

हलके धातू

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे फ्रेंच कारागिरांनी तो सायकलीत पुष्कळ आधी आणला होता. पोलादी क्रँक आसावर कॉटर पिनने बसवला जातो. आपल्याकडील साध्या सायकलींमुळे ही पिन सर्वांच्या ओळखीची आहे. ॲल्युमिनियम मऊ असल्याने पिनचा घाव सोसत नाही. म्हणून फ्रान्समधील स्ट्राँगलाइट कंपनीने १९३३ मध्येच निमुळत्या चौकोनी आसावर बोल्टने आवळला जाणारा क्रँक आणला. काम्पान्योलो यांचा तसा क्रँक १९५८ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर आला. डिरेलरबाबतही असेच घडले. १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सच्या सिम्प्लेक्सने डेलरिन या प्लास्टिकचे हलके डिरेलर विक्रीस आणले. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, काम्पान्योलो यांनी आणलेला रेकॉर्ड डिरेलर क्रोमचा मुलामा दिलेल्या ब्राँझचा व चांगलाच जड होता. प्लास्टिकचे सांधे कालांतराने ढिले पडत आणि तडकत. ब्राँझचे अनेक डिरेलर मात्र अजून चालू आहेत. ॲल्युमिनियमचा नुओव्हो रेकॉर्ड १९६७ मध्ये आला, तोवर ही रचना शर्यतींत दीर्घकाळ पारखली गेली होती. पुढच्या वर्षी त्यांचे ब्रेकही आले. चाक सहज निघावे म्हणून ब्रेकलाही एक लहान सोडकळ दिलेली होती. मूळ अडचणीचा त्यांना विसर पडला नव्हता.

दरम्यान त्यांनी मॅग्नेशियमच्या ओतकामात प्रावीण्य मिळवले. फेरारीसारख्या वेगवान मोटारींसाठी कंपनी मॅग्नेशियमची चाके बनवू लागली. सायकलीच्या भागांत हा धातू त्यांनी फारसा वापरला नाही. १९६६ मध्ये त्यांनी बाटलीचे बूच काढण्याचे एक भलेमोठे यंत्रही बाजारात आणले. वजनाचा विचार न करता बनवलेले त्यांचे हे कदाचित एकमेव उत्पादन असावे.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात आलेल्या सुपर रेकॉर्ड मालिकेत टायटॅनियमचे बोल्ट आणि आस वापरले गेले. टायटॅनियम पोलादाहून सुमारे चाळीस टक्के हलका असतो. पण त्याचा ताठपणाही जवळपास निम्माच असतो. नळीचा व्यास वाढवून ही उणीव भरून काढता येते. क्रँकच्या आसाचा व्यास मात्र फ्रेममधील छिद्र व छऱ्यांची जागा यांनी बांधलेला असतो, त्यामुळे तेथे तसा उपाय नव्हता. टायटॅनियमचे आस मोडल्याच्या घटना स्वारांमध्ये परिचित होत्या आणि वजनदार स्वार पोलादी आसच पसंत करीत. रेकॉर्ड क्रँकमध्ये भुजा जेथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात बारीक तडे जात. काही मालक तो टोकदार कोपरा कानशीने गोलसर करून घेत.

मर्क्स यांचा विक्रम

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. एर्नेस्तो कोल्नागो यांनी त्यासाठी बांधलेल्या ट्रॅक सायकलीचे वजन सहा किलोग्रॅमहून कमी होते. तीत ब्रेक किंवा गिअर नव्हते, काही भाग टायटॅनियमचे होते आणि चेनच्या कड्यांनाही छिद्रे पाडलेली होती. एका तासासाठी, एकाच स्वारासाठी बनवलेल्या या सायकलीचे अनुकरण रस्त्यावरील सायकलींवर सुरू झाले. चेनव्हील, ब्रेकची हँडले, सीटपोस्ट असे मिळेल त्या भागाला ड्रिलने भोके पाडण्याची लाट आली. भोकाच्या कडेशी ताण एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो, याचा अनुभव अनेकांनी घेतला. अशा दुरुस्तीत वाचणारे वजन बहुधा काही ग्रॅमच असे.

टीका

पुढील काळात कंपनीच्या सावध धोरणाची दुसरी बाजूही दिसून आली. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्येच तिरक्या चौकटीचा डिरेलर आणला होता. तो चक्रांच्या अधिक जवळून जात असल्याने गिअर सहज बदलत आणि त्याची किंमतही कमी होती. काम्पान्योलो यांची मूळ रचना मात्र १९८० च्या दशकापर्यंत जवळपास तशीच राहिली. टिकाऊपणामुळे शर्यतपटूंनी ती सोडली नाही. सामान्य ग्राहकाला तिची किंमत परवडणारी नव्हती.

मृत्यू आणि स्मृती

कंपनीच्या स्थापनेला पन्नास वर्षे होत असताना, १९८३ मध्ये, काम्पान्योलो यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे होती. त्यांच्यानंतर पुत्र व्हालेन्तिनो यांनी कंपनीची सूत्रे घेतली. क्रोचे दाउने खिंडीत त्यांचे स्मारक आहे.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० पासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलोग्रॅम निश्चित केले. त्याहून हलकी सायकल जोडणे आज अवघड राहिलेले नाही. रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेक रूढ झाल्यावर चाक पेचाच्या जाड आसाने बसवले जाऊ लागले आणि क्विक रिलीजचा वापर घटला. रिम ब्रेकच्या सायकलींवर ती यंत्रणा अजूनही वापरात आहे.