फ्लुओरिनला कोंडणारे म्वासाँ

धार जिल्ह्यातील काही खेड्यांत कूपनलिकांच्या पाण्याने मुलांचे दात डागळतात, कित्येकांची हाडेही वाकतात. हा पाण्यात विरघळलेल्या फ्लुओराइडाचा प्रताप! धार-देवासकडील आमच्या मराठी वाचकांस म्हणूनच आम्ही आंरी म्वासाँ ह्यांचे चरित्र सांगत आहोत. फ्लुओरिन प्रथम मोकळा केला तो त्यांनी.

पॅरिसमध्ये १८५२ साली बेताच्या परिस्थितीत जन्मलेले म्वासाँ तरुणपणी औषधांच्या दुकानात उमेदवारी करीत. लुये व निक्लेस हे रसायनज्ञ ह्याच शोधापायी प्राणांस मुकले होते. तरीही म्वासाँनी कडक थंडाव्यात, प्लॅटिनमच्या नळीत, हायड्रोफ्लुओरिक आम्लातून वीज खेळविली. २६ जून १८८६ रोजी वायू निघाला; सिलिकॉन त्याच्या स्पर्शानेच पेटले. पण अकादमीचे पंडित पाहावयास आले तेव्हा उपकरण मुके! आम्ल फारच शुद्ध झाल्याने वीज वाहीना. पोटॅशियम फ्लुओराइड मिसळताच प्रयोग साधला. फजितीतून कारण शोधणारी ही चिकाटी आम्हांस नोबेल पारितोषिकाहून मोठी वाटते. ते त्यांना १९०६ साली मिळाले. पुढच्याच फेब्रुवारीत ते वारले.

१९३० साली रूफ व क्रुग ह्यांनी ह्याच वायूचा क्लोरिनशी संयोग घडवून क्लोरिन ट्रायफ्लुओराइड बनविले. पाणी, वाळू, काच, कशाशीही ते भडकते. पोलादी पात्राला आतून फ्लुओराइडाचा पातळ थर चढला तरच ते त्यात राहते. थर उडाला, की पात्रच पेटते.