जोशुआ लायोनेल कोवेन

मुलांच्या खेळण्यांतही कर्तृत्वास केवढा वाव असतो, हें जोशुआ लायोनेल कोवेन यांच्या चरित्रावरून दिसून येतें. त्यांचा जन्म ता. २५ ऑगस्ट १८७७ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं, परदेशाहून येऊन तेथें स्थायिक झालेल्या एका ज्यू कुटुंबांत झाला. पुस्तकांपेक्षां यंत्रांकडेच त्यांचा ओढा अधिक. महाविद्यालयाचा अभ्यासक्रम त्यांनीं अर्ध्यावरच सोडला.

१९०० सालीं त्यांनीं एका भागीदारासह कारखाना काढला. दुकानाच्या दर्शनी भागांत गिऱ्हाइकांचें लक्ष वेधावें म्हणून त्यांनीं विजेवर चालणारी एक लहान गाडी तयार केली. तों लोक माल सोडून ती गाडीच मागूं लागले! येथूनच 'लायोनेल' आगगाड्यांचा धंदा सुरू झाला. पुढें मंदीच्या काळांत, १९३४ सालीं, कारखाना बुडण्याच्या बेतांत आला. परंतु एक डॉलर किमतीच्या, मिकी माऊसनें चालविलेल्या ट्रॉलीचे सुमारें २,५०,००० नग खपले, व तो सावरण्यास मोठा हातभार लागला.

महायुद्धांत खेळणीं बंद ठेवून कारखान्यानें आरमारासाठीं होकायंत्रें केलीं. युद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, त्याच्या इंजिनाच्या धुराड्यांतून खरोखरच धूर निघूं लागला. युक्ति साधी होती. इंजिनांतील विजेच्या दिव्याच्या माथ्यावर एक खळगी ठेवलेली असे. धुराड्यांतून टाकलेली लहानशी गोळी तींत पडे व दिव्याच्या उष्णतेनें वितळून तिचा धूर होई. चाकांच्या हालचालीबरोबर आंत हवा ढकलली जाऊन तो धूर झोतांनीं बाहेर पडे.

परंतु दिव्याची उष्णता पुरेशी पडेना. धूर विरळच निघे. तेव्हां नव्या युक्तीच्या कौतुकांत गुंतून न राहतां कारखान्यानें १९४७ सालीं दिव्याच्या जागीं तापणाऱ्या तारेचें वेटोळें बसविलें, आणि आधींच विकलेल्या इंजिनांसाठींही बदलाचें साहित्य काढलें. खळगीचा दिवा असा अल्पायुषी ठरला. आज तो जळाला तर त्याच्या जोडीचा मिळणें कठीण. खळगी नसलेल्या दिव्यानें उजेड पडतो, पण गोळीस जागा नसल्यानें धूर निघत नाहीं. मग हौशी संग्राहक तो दिवा चिकाटीनें शोधीत राहतात, किंवा तारेचें वेटोळें बसवून घेतात.

१९५९ सालीं कोवेन यांनीं आपला हिस्सा विकला, ता. ८ सप्टेंबर १९६५ रोजीं ते निवर्तले. विद्यार्थीमित्रांनो, आपल्या कृतींतील उणीव दिसतांच ती सुधारणें, व ज्यांनीं ती आधीं विश्वासानें घेतली त्यांस न विसरणें, हा बोध त्या लहानशा दिव्यापासून घेण्याजोगा आहे.