हृदयाचा निरोप ओळखणारे ऑटो लोवी

आपलें हृदय अहोरात्र चालतें. परंतु आपण धांवूं लागलों कीं तें वेग वाढवितें आणि निजलों कीं मंदावतें. हा निरोप मज्जातंतु आणितात हें पूर्वींच ठाऊक होतें. मात्र तंतूच्या टोंकापासून तो हृदयास कसा पोंचतो हें कोडेंच होतें. तें सोडविणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ऑटो लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. त्यांचा ओढा कलेच्या इतिहासाकडे होता. पण घरच्यांच्या इच्छेस मान देऊन ते वैद्यक शिकले. रुग्णालयांत क्षयाचे रोगी उपायावांचून मरतांना पाहून त्यांनीं संशोधनाचा मार्ग धरिला. १९०९ सालीं ते ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें औषधिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

एके रात्रीं स्वप्नांत त्यांना एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेंत त्यांनीं चिठोऱ्यावर टिपण केलें. पण सकाळीं स्वतःचें अक्षर त्यांनाच लागेना! दुसऱ्या रात्रीं तीन वाजतां तीच कल्पना परत आली, तेव्हां ते तडक प्रयोगशाळेंत गेले. त्यांनीं दोन बेडकांचीं हृदयें क्षारयुक्त द्रवावर चालतीं ठेविलीं. पहिल्याचा व्हेगस नांवाचा मज्जातंतु चेतवितांच त्याचे ठोके मंदावले. त्यांतील द्रव दुसऱ्या हृदयांत घालतांच, त्यास तो तंतु नसतांही, तेंही मंदावलें! निरोप रसायनाच्या रूपानें जातो, हें १९२१ सालीं जगास कळलें.

तें रसायन ॲसिटिलकोलिन होय. कुलपांत किल्ली बसावी तसें तें हृदयपेशीच्या आवरणावरील ग्राहक रेणूंत बसतें; त्यायोगें पोटॅशियमचीं सूक्ष्म द्वारें उघडतात व ठोके मंदावतात. ॲड्रिनॅलिन या संप्रेरकाचे ग्राहक निराळे. त्यांच्या द्वारें हृदयाचा वेग वाढतो. हृदय स्वतःही एक संप्रेरक निर्माण करून मूत्रपिंडास निरोप धाडतें, हें पुढें १९८१ सालीं आढळून आलें.

१९३६ सालीं लोवी यांस हेन्‍री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु मार्च १९३८ मध्यें नाझींनीं ऑस्ट्रिया घेतला आणि त्याच रात्रीं शस्त्रधारी लोकांनीं त्यांना बिछान्यांतून उठवून तुरुंगांत टाकिलें. आपणांस ठार मारतील अशी त्यांची खात्री झाली होती. तरी त्यांनीं पहारेकऱ्याकडे लेखणी व एक पोस्टकार्ड मागितलें आणि आपल्या अखेरच्या प्रयोगाचा निष्कर्ष लिहून एका शास्त्रीय नियतकालिकास धाडिला. कार्ड रवाना झाल्यावरच त्यांच्या जिवास स्वस्थता लाभली. पारितोषिकाची रक्कम हिरावून घेऊन सुमारें दोन महिन्यांनीं त्यांस सोडण्यांत आलें. १९४० सालीं ते न्यूयॉर्क येथें अध्यापक झाले आणि २५ डिसेंबर १९६१ रोजीं तेथेंच निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, स्वप्नें सर्वांसच पडतात. मध्यरात्रीं उठून तीं कसोटीस लावणारे विरळा. लोवींचें धन लुटलें गेलें. पण जें ज्ञान त्यांनीं जगास देऊन टाकिलें होतें, तें कोणालाही लुटतां आलें नाहीं. विद्येसारखें सुरक्षित धन दुसरें नाहीं, असें आम्हांस वाटतें.