रोझ हॉथॉर्न : असाध्य रुग्णांची आई



आपल्यापैकी कोणी रुग्णालयात असले की आपण फळे घेऊन भेटायला जातो. पण डॉक्टरांनी आशा सोडून त्याला घरी न्यायला सांगितले, की आपली पावले अडखळतात. आजारी लहान मूल असेल तर अधिकच. काय बोलावे सुचत नाही, म्हणून आपण जातच नाही. अशाच उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या एका स्त्रीची ही जीवनकथा.

रोझ हॉथॉर्न यांचा जन्म २० मे १८५१ रोजी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स येथे झाला. नामवंत कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांचे हे तिसरे अपत्य. १८५३ ते १८५७ या काळात वडील इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. तेथे एकदा ते गरिबांच्या अनाथालयाला भेट द्यायला गेले. अंगावर फोड आलेले, डोळे चिघळलेले एक मूल त्यांच्या मागेमागे फिरू लागले आणि शेवटी समोर उभे राहून त्याने उचलून घेण्यासाठी हात वर केले. हॉथॉर्न मोठे संकोची गृहस्थ. त्यांना किळस आली, तरी त्यांनी त्या मुलाला उचलले. पुढे पुस्तकात हा प्रसंग लिहिताना त्यांनी तो दुसऱ्याच कोणाच्या नावावर घातला. खरे काय ते त्यांच्या मृत्यूनंतर रोजनिशीवरून उघड झाले. रोझ यांच्या मते वडिलांनी जे काही लिहिले, त्यात हा मजकूर सर्वश्रेष्ठ होता.

रोझ यांचे स्वतःचे आयुष्य सोपे नव्हते. १८७१ साली लेखक जॉर्ज लॅथ्रॉप यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एकुलता एक मुलगा फ्रान्सिस चार वर्षांचा असताना १८८१ मध्ये घटसर्पाने गेला. १८९१ मध्ये पतीपत्नी कॅथलिक झाले. परंतु पतीच्या मद्यपानामुळे संसार टिकला नाही आणि १८९५ साली ख्रिस्तसभेच्या अनुमतीने ते विभक्त झाले.

त्याच सुमारास एका गरीब शिवणकाम करणाऱ्या स्त्रीची हकिगत त्यांच्या कानी आली. तिला कर्करोग झाला होता. त्या काळी हा रोग संसर्गजन्य समजत. बरे न होणाऱ्या रुग्णाला रुग्णालये ठेवून घेत नसत आणि गरिबांची रवानगी बेटावरच्या सरकारी आश्रयगृहात होई. रोझ यांना चैन पडेना. १८९६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या कर्करोग रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले, गरीब वस्तीत भाड्याने खोल्या घेतल्या आणि तेथे रुग्ण आणून त्यांच्या जखमा धुऊ लागल्या. नियम मोजकेच होते : रुग्णाकडून वा नातेवाइकांकडून पैसा घ्यायचा नाही, धर्म विचारून कोणाला परत पाठवायचे नाही आणि जखम पाहून चेहऱ्यावर किळस दिसू द्यायची नाही. अ‍ॅलिस ह्युबर ही तरुण चित्रकार त्यांना येऊन मिळाली. १९०० साली दोघी डोमिनिकन धर्मभगिनी झाल्या आणि रोझ यांना मदर मेरी अल्फोन्सा हे नाव मिळाले. ९ जुलै १९२६ रोजी त्या प्रभूघरी गेल्या. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना वंदनीय घोषित केले.

त्यांच्या भगिनींच्या अटलांटा येथील आश्रमात १९४९ साली तीन वर्षांची मेरी अ‍ॅन आली. तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूला मोठी गाठ होती. डॉक्टरांच्या मते ती जेमतेम सहा महिने जगणार होती. ती बारा वर्षांची होईपर्यंत जगली. आश्रमात ती हसली, खेळली आणि इतर रुग्णांची लाडकी झाली. लिव्हरपूलच्या त्या मुलाने वर केलेले हात जणू शंभर वर्षांनी पुन्हा कोणीतरी धरले. तिच्यावरील पुस्तक १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत फ्लॅनरी ओ'कॉनर या कॅथलिक लेखिकेने हाच धागा दाखवला आहे.

बरे करणे आणि सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कधी कधी माणसाच्या हाती नसते, दुसरी नेहमीच असते. मुलाचे मोल ते किती वर्षे जगणार यावर ठरत नाही. म्हणूनच २०२० साली व्हॅटिकनने असाध्य रुग्णांविषयी दस्तऐवज काढला, त्यात आजारी बालकांना आणि त्यांच्या आईवडिलांना साथ देण्याचा खास विचार केला.

आपल्याकडे वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना हा देशातील पहिला असा आश्रम सुरू झाला. पण मुलांसाठी अशी सोय अजून फार थोड्या ठिकाणी पोहोचली आहे, खेड्यापाड्यांत तर क्वचितच. पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेदनाशामक सेवा, अर्थात पॅलिएटिव्ह केअर, शेवटच्या चार दिवसांपुरती नसते. निदान झाल्या दिवसापासून ती उपचारांबरोबर घेता येते आणि ती मागितली म्हणजे मुलाला सोडून दिले असे होत नाही. मुलाला मॉर्फिन दिले तर ते व्यसनी होईल, ही भीतीही बाळगू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य प्रमाणात दिलेले हे औषध वेदना शमवते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळवणे सोपे झाले आहे. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले नाही, तर आपण विचारावे.

आणि आपण शेजाऱ्यांनी? त्या घरी जावे. कोणाच्या पापाचे हे फळ, असली चर्चा करू नये, प्रभू येशूने जन्मांध माणसाच्या बाबतीत ती कल्पनाच नाकारली आहे. आईला दोन तास झोप मिळावी म्हणून मुलाजवळ बसावे. त्याच्या भावंडांना शाळेत सोडावे. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल.

या आठवड्यात असे एक घर आठवा आणि त्याची पायरी चढा. प्रभू तुम्हांला तेथेच भेटेल.

तुमचा,
धर्मगुरू