एकही जीव गेला नव्हता, तरी माधवराव शिंदेंनी मंत्रिपद सोडलं होतं

९ जानेवारी १९९३. दिल्ली विमानतळावर दाट धुकं होतं. हैदराबादहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान उतरताना उलटलं, तुटलं आणि पेटलं. आत १६५ जण होते. सगळे वाचले.

वैमानिकांचा संप सुरू असल्याने हे विमान उझबेकिस्तानकडून भाड्याने घेतलेलं होतं. नागरी विमान वाहतूक मंत्री होते माधवराव शिंदे. त्यांनी नैतिक जबाबदारी घेत राजीनामा दिला.

माधवरावांचं मूळ घराणं साताऱ्याच्या कण्हेरखेडचं. महादजी शिंदेंचा हा वारसा. त्यांचा जन्म १० मार्च १९४५ रोजी मुंबईत झाला. ग्वाल्हेरला शाळा, मग ऑक्सफर्ड. १९७१ मध्ये, २६ व्या वर्षी ते जनसंघाच्या पाठिंब्यावर गुण्यातून खासदार झाले. आई विजयाराजे जनसंघातच होत्या, पण माधवराव १९८० मध्ये काँग्रेसमध्ये गेले. १९८४ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरमध्ये थेट अटलबिहारी वाजपेयींना हरवलं.

राजीव गांधींच्या सरकारात ते रेल्वे राज्यमंत्री झाले. १९८८ मध्ये धावलेली पहिली शताब्दी एक्सप्रेस त्यांच्याच काळातली. पुढे ते क्रिकेट मंडळाचे अध्यक्षही झाले.

राजीनाम्यानंतर १९९५ मध्ये ते मनुष्यबळ विकासमंत्री म्हणून परतले. हवाला प्रकरणात नाव आल्यावर तेही पद सोडावं लागलं. १९९६ ला काँग्रेसबाहेर राहून निवडणूक लढवली आणि जिंकली. न्यायालयाने आरोपातून मुक्त केलं, ते पुन्हा काँग्रेसमध्ये आले.

३० सप्टेंबर २००१ रोजी ते कानपूरच्या सभेला छोट्या खासगी विमानाने निघाले. बीचक्राफ्ट किंग एअर सी-९०. हवा खराब होती. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीजवळ विमान कोसळलं. माधवराव, चार पत्रकार आणि दोन वैमानिकांसह आठही जण गेले.

रात्र असो, धुकं असो की ढग, वैमानिकाची अडचण एकच असते. क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसवते. विमान वळतंय की सरळ जातंय, हे शरीराला कळत नाही. अशा वेळी फक्त समोरच्या यंत्रांवर विश्वास ठेवायचा असतो. म्हणूनच हवा खराब असेल तर न निघणं, हाच छोट्या विमानासाठी सगळ्यात सुरक्षित निर्णय. पण सभा ठरलेली असते, लोक वाट बघत असतात.

वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, माधवरावांनी सोडलेलं तेच खातं त्यांचे चिरंजीव ज्योतिरादित्य यांच्याकडे आलं.