पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापूरकडे आगगाडीने जाताना केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. तेथून जवळच मुक्तिसदन ही अनाथ स्त्रियांची संस्था आहे. तिच्या संस्थापिकेचे नाव पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. पण धर्म बदलूनही आपली भूमी, आपली भाषा आणि आपले अन्न न सोडण्यासाठी तिला किती जणांशी झगडावे लागले, याचा विचार फारसा होत नाही. त्या बाजूने हे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान वैष्णव ब्राह्मण. आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल धर्मसभेपुढे शास्त्राधारांनिशी उत्तरही दिले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत पायी तीर्थयात्रा करू लागले. आईच्या तोंडून ऐकूनच रमाबाईंस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. परंतु दुष्काळाने या कुटुंबाचा घात केला. १८७४ साली वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. थोड्याच काळात भाऊही वारला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी जातिबंधन मोडून नोंदणी पद्धतीने विवाह केला. पण दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच पटकीने पतीचा अंत झाला. कडेवर तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टर व शिक्षिका यांची गरज प्रतिपादिली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. कानांनी दगा दिल्याने ते शिक्षण राहिले. परंतु २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

येथून पुढचा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. दीक्षा घेतली म्हणजे रमाबाई आता सर्वस्वी आपल्या झाल्या, असे मठातील भगिनींस वाटले असल्यास नवल नाही. पण रमाबाईंनी मांस तर नाहीच, अंडे घातलेले पक्वान्नही खाण्याचे नाकारले. हा जुना जात्यभिमान आहे असा आक्षेप आला, तरी त्या ढळल्या नाहीत. ख्रिस्ताने कोणास मांसाहाराची आज्ञा केलेली नाही, हे त्यांचे म्हणणे. मठाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असत. त्यांच्या जागी संस्कृत शब्द असावेत, असा त्यांनी आग्रह धरला. देवाला लॅटिन प्रिय आणि संस्कृत अप्रिय असे कोठे सांगितले आहे, आणि जी भाषा आपणास वा आपल्या देशबांधवांस कळत नाही ती गळ्यात का बाळगावी, असा त्यांचा सवाल होता. आपल्या बुद्धीस जे पटले नाही ते चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून स्वीकारण्यासही त्या तयार नव्हत्या. ज्या बाईने पुण्याच्या शास्त्र्यांपुढे मान तुकविली नाही, ती बिशपांपुढे काय तुकविणार!

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून आणि गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी द्रव्य जमविले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. येथे धर्माची शिकवण द्यावयाची नाही, मुलींनी आपापले सोवळे आणि जातीचे नियम खुशाल पाळावेत, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई; तिच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

मात्र रमाबाई स्वतः प्रार्थनेस बसत, तेव्हा खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. गावात गवगवा झाला, केसरीने कडक टीका केली, १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. दोष कोणाचा? ज्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्या पालकांची धास्ती खोटी म्हणता येत नाही. पण आपल्याच घरात देवाचे नाव दार लावून घ्यावे, ही अपेक्षाही आम्हांस जाचक वाटते. या वादात खरे नुकसान झाले ते परत नेलेल्या मुलींचे; त्यांची पाटी सुटली.

१८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या बालपणीची उपासमार आठवून रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, गाईगुरे, छापखाना, सर्व कारभार बायकांच्या हाती. आंधळ्या मुलींस ब्रेल लिपी शिकविली जाई. येथे उघडपणे ख्रिस्ती उपासना चाले. पण अंगावर साधे पांढरे लुगडे आणि पानात शाकाहार, ही रमाबाईंची राहणी तीच राहिली. मनोरमाबाई आईच्या उजव्या हात बनल्या आणि निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यासही त्यांनी शाळा चालविली.

रमाबाईंनी अखेरची वर्षे बायबलाच्या भाषांतरास वाहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या मुळावरून लिहीत होत्या. क्रुसावर संस्कृत मागणाऱ्या या पंडितेने येथे मात्र जड संस्कृत शब्द वेचून दूर केले. खेड्यातील अडाणी बाईस वाचता यावे इतके सोपे मराठी त्यांस हवे होते; शिवाय जुन्या शब्दांमागून जुन्या कल्पना येतात, असे त्यांस वाटे. त्यांच्याच काळात रेव्हरंड ना. वा. टिळक अभंग आणि कीर्तन यांच्याच वाटेने ख्रिस्ताकडे जात होते, त्यांचा मार्ग याहून अगदी निराळा. आमचे मन टिळकांकडे झुकते. तथापि बायकांसाठी पुस्तक सोपे करण्याची रमाबाईंची कळकळ नाकारता येत नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईने काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच रमाबाईंचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ साली, मुक्तिसदनातील बायकांनी छापून बाहेर काढले.